पाच चेहरे, १४ माणसं: कामावरचा आनंद मोजणाऱ्या एका सेवेचे नऊ महिने

आधीच सांगते, ही सेवा मी विकत घेतलेली नाही. वरून आली. एचआरने एका शुक्रवारी सगळ्यांच्या मोबाइलवर लिंक धाडली आणि खाली लिहिलं, ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’. त्या वाक्यावर आमच्या फ्लोअरवर जेवढं हसू फुटलं तेवढं त्या अ‍ॅपला पुढच्या नऊ महिन्यांत जमलं नाही.

मी तक्रार विभागात टीम लीडर आहे. माझ्याकडे १४ जण, ९ दिवसपाळीला आणि ५ रात्रपाळीला. कानाला हेडसेट आणि पलीकडे चिडलेला माणूस, असं आमचं काम. आनंद मोजायचं यंत्र कोणी आणणारच असेल तर ते इथेच आणावं, त्याबद्दल तक्रार नाही. सेवेचं नाव मात्र देत नाही. पुढे थोडं बोचरं लिहायचं आहे, आणि त्यातलं निम्मं माझ्यावरच आहे. शिवाय अशा सेवा आता पुष्कळ आहेत आणि त्यांची घडण साधारण सारखीच असते, तेव्हा तुमच्याकडे दुसरी कुठली आली असेल तरी यातलं बरंच लागू पडेल.

दर शुक्रवारी पाच प्रश्न येतात. पहिला कायम तोच, ‘हा आठवडा कसा गेला?’, आणि उत्तराला पाच चेहरे, रडवेल्यापासून (१ गुण) हसऱ्यापर्यंत (५ गुण). बाकीचे चार आलटून पालटून. खाली मोकळी चौकट, त्यात काय हवं ते लिहा. सगळं मिळून दीड मिनिटाचं काम. टीम लीडरला सोमवारी डॅशबोर्ड, म्हणजे टीमच्या उत्तरांचा गोषवारा, दिसतो. जोडीला सहकाऱ्यांना शाबासकी देण्याची सोय, ध्यानधारणेचे व्हिडिओ आणि लीडर लोकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण.

चेहरे पाहून मला आधी पोरखेळ वाटला. मग कळलं की असेच पाच चेहरे वापरून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या बीटी या टेलिफोन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये मोठा अभ्यास केला होता. सुमारे १८०० विक्री कर्मचारी, सहा महिने, दर आठवड्याला एक प्रश्न. ज्या आठवड्यात माणूस खूश, त्या आठवड्यात त्याची विक्री साधारण १३ टक्क्यांनी जास्त. जास्त तास बसून नव्हे, तेवढ्याच वेळात. आता कोणीही विचारेल, विक्री झाली म्हणून माणूस खूश झाला की खूश होता म्हणून विक्री झाली? त्यासाठी त्यांनी बाहेरच्या हवामानाचा आधार घेतला. आभाळ दाटून आलं की मूड बिघडतो, पण त्यात विक्रेत्याचा काही हात नसतो. हे वाचल्यावर मी चेहऱ्यांना नावं ठेवणं बंद केलं. दीड मिनिटांची मर्यादा तर खरंच शहाणपणाची आहे. आमच्याकडे पूर्वी वर्षातून एकदा साठ प्रश्नांचा फॉर्म यायचा आणि चाळिसाव्या प्रश्नापासून सगळे डोळे मिटून ‘सहमत’वर टिक मारायचे.

तीन महिन्यांतून एकदा येणारा प्रश्न मात्र डोक्यात जातो. ‘इथे काम करण्याची शिफारस तुम्ही मित्राला कराल का?’ ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. त्यात ९ आणि १० देणारे समर्थक, ७ आणि ८ देणारे मधले, ते फक्त एकूण संख्येत धरले जातात, आणि ० पासून ६ पर्यंत सगळे विरोधक. समर्थकांच्या टक्क्यांतून विरोधकांचे टक्के वजा केले की झाला स्कोअर. पहिल्या वेळी माझ्या टीममध्ये ४ समर्थक, ५ मधले, ५ विरोधक. स्कोअर उणे ७. वरच्या मीटिंगमध्ये पडद्यावर माझ्या टीमसमोर लाल रंगात ‘-७’ झळकत होतं आणि मी तिथे बसून विचार करत होते, दहापैकी सहा देणारा माणूस ‘बरं चाललंय’ म्हणतोय हो! त्याला शून्यवाल्याच्या रांगेत कशाला बसवता? ही मोजणी मुळात गिऱ्हाइकांसाठी २००३ मध्ये पुढे आली, नंतर तीच कर्मचाऱ्यांना लावली. १४ माणसांच्या टीममध्ये एकाने ६ च्या जागी ७ दिले की स्कोअर एकदम उणे ७ वरून शून्यावर. एवढ्याशा हलण्यावर लोकांना शाबासकी किंवा झाडणी मिळते, हे मला पटत नाही.

आता मुख्य गोष्ट. निनावीपणा.

अ‍ॅप उघडल्या उघडल्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘तुमची उत्तरं निनावी आहेत’. आणि शनिवारी सकाळी मोबाइलवर आठवण येते, ‘तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही’. रात्रपाळीतल्या एका मुलीने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, “ताई, निनावी आहे तर मी दिलं नाही हे त्याला कसं कळतं?” मी गप्प. प्रश्न बिनतोड होता. सेवा पुरवणाऱ्या कंपनीला विचारलं तेव्हा उत्तर आलं की कोणाची लिंक वापरली गेली ते त्यांच्या सर्व्हरला ठाऊक असतं, पण आम्हा लीडरना ते कधी दिसत नाही. म्हणजे मामला गोपनीय आहे, निनावी नाही. या दोन शब्दांत फरक आहे आणि तो पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितला असता तर काही बिघडलं नसतं. उलट लोकांनी जास्त विश्वास ठेवला असता. आपण ज्याला पकडू शकतो असं खोटं बोलणाऱ्यापेक्षा, ‘एवढं मला दिसतं, एवढं दिसत नाही’ म्हणणारा बरा.

दुसरा घोळ मला दुसऱ्या महिन्यात सापडला. नियम असा की पाचपेक्षा कमी जणांची उत्तरं असतील तर त्या गटाचा निकाल दाखवायचा नाही, करडी चौकट दिसते. नियम चांगला आहे. त्या आठवड्यात रात्रपाळीतला एक जण रजेवर होता, त्यामुळे रात्रपाळीची चार उत्तरं आणि करडी चौकट. ठीक. पण शेजारीच पूर्ण टीमची सरासरी दिसत होती, १३ जणांची ३.६. आणि दिवसपाळीची दिसत होती, ९ जणांची ४.०. हिशेबाची खोड मला जुनी आहे. १३ गुणिले ३.६ म्हणजे ४६.८, चेहऱ्यांचे गुण पूर्णांकात असतात तेव्हा ४७ धरा. ९ गुणिले ४ म्हणजे ३६. वजा केले, राहिले ११. म्हणजे चौघांनी मिळून वीसपैकी अकरा दिले. आणि रजेवर कोण होतं ते मला ठाऊक, म्हणजे हे चौघं कोण तेही ठाऊक. झाकलेली मूठ मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर उघडली.

कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर छापील, ‘तुमची गोपनीयता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे’ वगैरे. दुसऱ्या मेलमध्ये मी वरची वजाबाकी जशीच्या तशी मांडली. तेव्हा मात्र त्यांच्या तांत्रिक टीममधल्या कोणाचं तरी माणसासारखं उत्तर आलं, चूक कबूल केली, आणि तीन आठवड्यांनी बदल झाला. आता एक पाळी झाकली गेली की दुसरीही झाकली जाते, फक्त पूर्ण टीमचा आकडा राहतो. मग वजा करायला काही उरतच नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना एक तारा जास्त देते. तुम्ही अशी सेवा घेत असाल तर डेमोच्या वेळी हेच करून पाहा: सगळ्यात लहान गट झाकला जाईल असं करा आणि मग वजाबाकीने तो उघडतो का बघा.

इथवर कंपनीच्या चुका झाल्या. आता माझी.

तिसऱ्या महिन्यात मोकळ्या चौकटीत एक मजकूर आला. ‘रोस्टर शुक्रवारी रात्री येतं. सोमवारी पहाटेची पाळी आहे हे शनिवारी कळतं. घरच्यांना काय सांगायचं, कधी सांगायचं. असो..’

नाव नव्हतं. पण तो ‘असो’ आणि त्यापुढचे दोन टिंब. तीन नाहीत, दोनच. आमच्या टीमच्या ग्रुपवर गेली चार वर्षं मी ते दोन टिंब बघतेय. कोणी लिहिलंय हे मला वाक्य संपायच्या आत कळलं. आणि राग आला. का, ते आज सांगता येतं: रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, मी करते, आणि ते उशिरा होतं कारण वरून कॉलचा अंदाज उशिरा येतो. हे त्याला माहीत आहे असं मी धरून चालले होते. त्याला ते कधी कोणी सांगितलं होतं? मी तर नाही.

सोमवारच्या दहा मिनिटांच्या उभ्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, “रोस्टरबद्दल ज्याने कोणी लिहिलंय, त्याने सरळ माझ्याकडे यायचं ना. माझं दार बंद असतं का?” आणि हे म्हणताना माझी नजर त्याच्याकडे गेली. ठरवून नाही. पण गेली. तेराच्या तेरा जणांनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं, आणि तो हेडसेटची वायर बोटाला गुंडाळत खाली बघत राहिला.

तोवर दर आठवड्याला १२-१३ उत्तरं यायची. त्या शुक्रवारी आली ७. पुढच्या शुक्रवारी ४. सोमवारी डॅशबोर्ड उघडला तर पूर्ण टीमसाठी करडी चौकट, ‘पुरेशी उत्तरं नाहीत’. अ‍ॅपने सुचवलं, ‘सहभाग वाढवण्यासाठी टीमला आठवण करून द्या!’ सोबत उद्गारचिन्ह आणि एक हसरा चेहरा. या बाबतीत या सेवा अगदीच बिनडोक असतात. एकाच टीमचा सहभाग दोन आठवड्यांत १३ वरून ४ वर आला, म्हणजे तिथे काहीतरी घडलंय, एवढं तर यंत्रालाही कळावं. त्याने लीडरला विचारायला हवं होतं, ‘काय झालं?’ त्याऐवजी ते म्हणतं, लोकांना ढोसा.

त्याच सुमारास ते अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. पहिला तास वाया. डोळे मिटून मागे पडायचं आणि मागच्याने झेलायचं, हा विश्वासाचा खेळ. मला झेलायला हिशेब विभागाचे मॅनेजर होते. त्यांनी व्यवस्थित झेललं, आणि महिन्याभराने माझं ओव्हरटाइमचं बिल तसंच अडकवून ठेवलं. असो, आता मलाही लागलं ते ‘असो’.

पण दुसऱ्या तासात प्रशिक्षक बाईंनी एक हकिकत सांगितली ती डोक्यात बसली. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात इस्पितळांतल्या टीमचा अभ्यास केला. अपेक्षा अशी की ज्या वॉर्डात परिचारिकांची टीम चांगली, तिथे औषधं देण्यातल्या चुका कमी निघतील. निघालं उलटं. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. उलगडा असा की त्या टीमच्या हातून चुका जास्त होत नव्हत्या, तिथे चूक सांगायची भीती नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी यावर जो निबंध लिहिला त्यात या गोष्टीला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटलं: टीममध्ये तोंड उघडलं तर आपला पाणउतारा होणार नाही, ही खात्री. बाई पुढे बोलत राहिल्या, टोयोटाच्या कारखान्यातल्या त्या दोरीबद्दल. दोष दिसला की कोणताही कामगार ती ओढतो, लीडर धावत येतो आणि तेवढ्यात निस्तरलं नाही तर अख्खी लाइन थांबते. मला तर पुढचं काही ऐकूच आलं नाही. माझ्या एका माणसाने दोरी ओढली होती आणि मी धावत जाऊन त्याचाच हात पिरगाळला होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मर्दुमकी काही नाही. त्या सोमवारी मी उभ्या मीटिंगमध्ये म्हटलं की परवा मी जे बोलले ते चुकलं, आणि मी ज्याच्याकडे बघितलं तेही चुकलं. कोणी काही बोललं नाही. मग रोस्टर का उशिरा होतं ते फळ्यावर लिहून दाखवलं. रात्रपाळीतली तीच मुलगी म्हणाली, “अंदाज उशिरा येतो ते कळलं, ताई. पण दर महिन्याचा पहिला आठवडा तर सारखाच असतो ना? तेवढं तरी आधी लावा.” बरोबर होतं. बिलं निघतात त्या आठवड्यात तक्रारी नेहमीच चढतात, त्याला अंदाजाची काय गरज? माझ्या साहेबांशी तीन वेळा बोलावं लागलं. आता रोस्टर पंधरवड्याचं निघतं, सुरू व्हायच्या दहा दिवस आधी, आणि शेवटच्या क्षणी बदल झाला तर ज्याची पाळी हलली त्याला पुढची अदलाबदल मागायचा पहिला हक्क.

अ‍ॅपमध्ये एका कोपऱ्यात ‘आम्ही काय केलं’ अशी चौकट आहे. तीन टिचक्यांवर, मेनूच्या पोटात. माझ्या मते या सेवेतली हीच सगळ्यात कामाची चौकट आणि हीच सगळ्यात लपवलेली. लोकांनी लिहिलेल्या मजकुराखाली लीडर उत्तर लिहू शकतो आणि ते सगळ्या टीमला दिसतं. मी रोस्टरचं लिहिलं. एकदा ‘हे माझ्या हातात नाही, वर कळवलंय, २० तारखेपर्यंत सांगते’ असंही लिहिलं, आणि २० तारखेला ‘नकार आला’ असं लिहिलं. गंमत म्हणजे त्या नकाराच्या आठवड्यात उत्तरं वाढली. ४ वरून ६, मग ८, ९, ११. १३ वर अजून गेलेली नाहीत.

उरलेल्या गोष्टी पटकन उरकते. शाबासकीची सोय पहिले दोन आठवडे गोड वाटली, मग तिच्यात गुण आणि क्रमवारी आहे हे लोकांना कळलं. दोघं मित्र रोज एकमेकांना ‘उत्कृष्ट सहकार्य’ देऊन पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले. आणि जी मुलगी गुपचूप सगळ्यांचे अवघड कॉल स्वतःकडे घेते ती सर्वांत खाली, कारण ती कोणाला मागायला जात नाही. क्रमवारी बंद करता येते. पहिल्याच दिवशी करा.

ध्यानाचे व्हिडिओ कोणी पाहत नाही. दोन कॉलमध्ये श्वास घ्यायला अकरा सेकंद मिळतात तिथे ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगणाऱ्या सहा मिनिटांच्या व्हिडिओचं काय करायचं? हा फक्त माझा कडवटपणा नाही. २०२४ मध्ये विल्यम फ्लेमिंग या ऑक्सफर्डमधल्याच संशोधकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. ताण हाताळण्याचे वर्ग, ध्यान, अ‍ॅप असल्या वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचं काही दिसलं नाही. स्वयंसेवी कामाची संधी हा एकच अपवाद. व्हिडिओ वगळून सेवा घेता येत असेल तर वगळा, आणि वाचलेल्या पैशांत एक माणूस वाढवता येतो का बघा.

पाचपैकी तारे? विकणाऱ्यांनी जे दाखवलं त्याला दोन. वजाबाकीची चूक दुरुस्त केली त्याचा एक, म्हणजे तीन. ज्या लीडरच्या हातात एकही गोष्ट बदलायचा अधिकार नाही त्याच्या टीमला ही सेवा देऊ नका. तिथे लोक दर शुक्रवारी विहिरीत दगड टाकतील आणि आवाज ऐकत बसतील, काही आठवड्यांनी तेही सोडतील. नूतनीकरण करायचं का म्हणून एचआरने मला विचारलं तेव्हा मी हेच लिहून दिलं. करा म्हटलं, पण क्रमवारी आणि व्हिडिओ काढा, ‘निनावी’ पुसून ‘गोपनीय’ लिहा, आणि ती कोपऱ्यातली चौकट पहिल्या पानावर आणायला सांगा.

गेल्या शुक्रवारी मोकळ्या चौकटीत तीनच मजकूर होते. शेवटचा असा: ‘हेडसेटचे स्पंज फाटलेत. कान सोलवटतात. स्टोअरला तीनदा सांगून झालं. असो..’

मीटिंगमध्ये या वेळी मी समोरच्या भिंतीकडे बघून बोलले. स्पंजची मागणी त्याच दुपारी टाकली आणि चौकटीत तसं लिहिलं. अजून आलेले नाहीत.